लामेकीचा दाखला

प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की आमच्या नामासोको गावात भांडणं मिटवायची घाई सुटते, आणि या घाईला कारण एकच, एनेलेसी बिलियाटी. दर तीन महिन्यांनी, भोजनाच्या आधीच्या आठवड्यात, ती पत्र्याच्या चकत्या पुरचुंडीत बांधते आणि आपल्या वाडीत घरोघर फिरते. ज्याला चकती मिळाली तो रविवारी चर्चमध्ये प्रभूच्या मेजावर बसणार. नाही मिळाली त्यानं मागच्या बाकावर बसून इतरांची तोंडं हलताना बघायची. चकत्या मिशनऱ्यांच्या काळातल्या. हाताळून हाताळून इतक्या गुळगुळीत झाल्यात की वरचं अक्षर आता बोटालाच कळतं. बाकीच्या चर्चमंडळ्यांनी केव्हाच छापील कार्डं केली. आमच्याकडे अजून चकतीच, आणि ती दोन्ही हातांनी घ्यायची.

मनात कुणाबद्दल अढी असेल तर चकती नाही, हा नियम सगळीकडेच आहे. पण चर्चचे इतर पंच दारातूनच "सगळं ठीक ना?" विचारतात आणि हो म्हटलं की चकती देऊन मोकळे होतात. एनेलेसी चटई मागते. बसते. मक्याची थोब्वा पुढे आली तर पिते, आणखी मागून घेते, आणि मग म्हणते, "हं, आता शेजारणीचं सांग." एकदा नासिबेको आणि तिची धाकटी बहीण रताळ्याच्या वेलांवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. एकीच्या बोकडानं दुसरीचे वेल खाल्ले होते. एनेलेसी म्हणाली, "दोघी मिळून एका पातेल्यात मक्याच्या पिठाची न्सिमा घोटा. मी जेवूनच उठणार." पीठ किती घालायचं यावरून दोघी आधी भांडल्या, मग घोटता घोटता हसल्या. न्सिमाच्या गुठळ्या झाल्या होत्या, तरी एनेलेसीनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं. अशी बाई.

तिचा आणखी एक हट्ट होता. आपल्या वाडीतल्या माणसाचं नाव चर्चच्या वहीतून काढायचं असेल तर आधी त्याच्या घरी जाऊन, चटईवर बसून, त्याच्या तोंडून ऐकायचं. पंच होताना तिनं घातलेली ही एकच अट. त्या अटीमागचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी ते बोलून दाखवत नसे.

तिचा नवरा लामेकी चहाच्या मळ्यात पानं खुडायचा. लग्नाला दोन वर्षं झाली, पहिली मुलगी झाली, आणि इतर तरुणांसारखं त्यालाही जोनीचं वेड लागलं. जोनी म्हणजे दूर दक्षिणेतल्या सोन्याच्या खाणी. त्या काळी आमच्याकडचा धडधाकट पुरुष एक तर जोनीला गेलेला असे, नाही तर निघायच्या तयारीत. छपरातल्या बांबूच्या नळीत ठेवलेला त्याच्या नावाचा सरकारी कागद सापडेना, तेव्हा वाळवीनं खाल्ला असेल म्हणून त्यानं मुखियाकडून दुसरा करून घेतला आणि भरतीच्या कचेरीत गेला. कारकुनानं वहीवरून बोट फिरवलं. "लामेकी बिलियाटी गेल्या वर्षीच खाणीत उतरलाय. तू कोण?"

"मीच तो," लामेकी म्हणाला.

"सगळे हेच म्हणतात," कारकून म्हणाला.

तोतया म्हणून त्याला तीन दिवस कोठडीत ठेवलं. बातमी त्याच्याआधी गावात पोचली. खोट्या नावाचा माणूस मेजावर नको म्हणून पंचांनी वहीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली. त्याच्या घरी येऊन कुणी विचारलं नाही. लामेकी मुळात थट्टेखोर. तो बायकोला म्हणायचा, "अगं, मी तर जोनीला आहे. हा तुझ्या चुलीपाशी बसून तुरीचे दाणे खातोय तो कोण, ते एकदा विचार तरी." पण प्रभुभोजनाच्या रविवारी त्याची थट्टा बंद असे. आठ वर्षं तो मागच्या बाकावर बसला, एकही रविवार चुकवला नाही. मग तापानं गेला. झाडाला टांगलेली गाडीच्या चाकाची लोखंडी धाव, जी आमची घंटा, ती त्याच्यासाठी वाजली नाही. महिला मंडळाच्या बायका आल्या त्या रोजच्या कपड्यांत, शेजारणी म्हणून. मंडळाचं पांढरं पोलकं आणि काळा घागरा कुणी घातला नव्हता, आणि कबरीच्या मातीवर उभं राहून कुणी गायलं नाही.

एनेलेसी तेव्हा अठ्ठावीसची, पदरात दोन मुली. लोकांना वाटलं, आता ही दुसऱ्या चर्चमध्ये जाणार. ती म्हणाली, "त्याला जिथून उठवलं तिथंच मी बसणार." आणि बसली. तिच्या जागी मी असतो तर चर्चला आग लावली असती, नाही तर निदान तसं चारचौघांत बोललो तरी असतो. तिनं दोन्ही केलं नाही. बारा वर्षांनी त्याच मंडळीनं तिला पंच केलं.

ती पंच होऊन सोळा वर्षं झाली त्या वर्षी, पावसाळा सरल्यावरच्या भोजनाच्या आठवड्यात, जोसामू सापुवा परत आला.

जोनीला जाऊन हरवतो त्याला आमच्याकडे मचोना म्हणतात. त्याच्या नावानं कुणी रडत नाही आणि त्याची वाटही कुणी बघत नाही. जोसामू सदतीस वर्षांचा मचोना. तरुणपणी लामेकीचा जिवलग. दोघांत मिळून एक सायकल होती, आणि कुणी कुठे बसायचं यावर रोज वाद. खाणीच्या भरतीत वजन कमी भरलं म्हणून त्याला नाकारलं, त्यानंतर तो गावातून नाहीसा झाला. आता भाचीच्या, लोनियाच्या घरी उतरला होता. वाळलेला, खोकणारा, अंगावर जोनीचा कोट. बुधवारी पंचांच्या सभेत येऊन बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि पाळकांपुढे एक पाकीट धरलं. परगावच्या मंडळीतून येणाऱ्यानं तिथला दाखला आणायचा असतो, तो त्यानं आणला होता.

पाळक नामाते तरुण माणूस. त्यांनी पाकीट सितोलो मक्विंजाकडे दिलं, कारण वही आणि वाचन सितोलोचं. सितोलो ऐंशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याची.

"आमच्या मंडळीचे विश्वासू सभासद," सितोलो मोठ्यानं वाचू लागला, "छत्तीस वर्षं एकही प्रभुभोजन न चुकवलेले, ज्यांच्याविरुद्ध कसलीही तक्रार नाही, असे श्री. लामेकी बिलि..." तो थांबला. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. कागदावर तेच होतं.

"ते मीच," जोसामू खाली बघत म्हणाला. "म्हणजे माणूस मी. नाव त्याचं. कागद मी नेला होता."

एनेलेसीच्या कानात चहाच्या कारखान्याचं यंत्र सुरू झाल्यासारखं झालं. छत्तीस वर्षं ती गावातल्या एकेका तोंडाकडे बघून विचार करत आली होती, हा असेल का? तो? जोसामूचा विचार तिच्या मनात एकदाही आला नव्हता. त्याच्यासाठी तर लामेकी देवाकडे मागणं मागायचा.

"बांबूची नळी?" तिनं विचारलं.

"तिथंच छपरात परत खोचली होती, वहिनी."

ती उठून बाहेर गेली.

पंचांनी काय ठरवलं ते तिला पाळकांनी घरी येऊन सांगितलं. जोसामूच्या स्वतःच्या नावाचा दाखला नाही, शिवाय गुन्हा कबूल. म्हणजे नियमानं वर्षभर मागचा बाक. पण ज्याचं नुकसान झालं त्या घरानं माफ केलं तर वर्ष माफ होतं, हाही नियमच. "डॉक्टरांनी त्याला वर्ष दिलेलं नाही, आई," पाळक म्हणाले. "छातीत खाणीची धूळ आहे. शनिवारपर्यंत सांगा. हो किंवा नाही. तुम्ही नाही म्हणालात तर कुणी नावं ठेवणार नाही."

हीच तर अडचण होती. नावं ठेवणारी ती स्वतःच होती. नाही म्हणायचं तर अढी कायम. अढी ठेवून मेजावर बसायचं नाही हे तिनंच वाडीला शिकवलेलं, म्हणजे चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःला मागच्या बाकावर बसावं लागणार. आणि हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. राग जुना झाला की निवतो म्हणतात. तिचा निवला नव्हता, फक्त त्याला तोंड नव्हतं, आता मिळालं.

गुरुवारी ती वाडीत फिरली. नासिबेकोनं दोन्ही हात पुढे करून चकती घेतली आणि फटकळपणे म्हणाली, "आमच्या चटया झिजवल्यास, एनेलेसी. आता लोनियाची कधी झिजवणार?"

"तुझ्या बोकडाला विचारून सांगते," एनेलेसी म्हणाली आणि निघाली. पण त्या रात्री ती जेवली नाही.

शुक्रवारी सकाळी ती लोनियाच्या अंगणात उभी राहिली आणि चटई मागितली. जोसामू खुर्चीवर होता. तिला बघताच तो खुर्ची सोडून जमिनीवर बसला.

"वहिनी," त्यानं हाक मारली.

"वहिनी कुणाची? तुझा मित्र कोण ते आधी ठरव. तू तर म्हणे तोच होतास."

थोब्वा घेऊन आलेल्या लोनियाला हसू फुटलं, पण तिनं ते गिळलं.

"वजनात दोनदा नापास झालो," जोसामू म्हणाला. "दुसऱ्यांदा पोट फुटेस्तोवर पाणी पिऊन गेलो होतो, तरी काटा हलेना. एकदा नाकारलेलं नाव त्या हंगामात परत घेत नसत. म्हणून लामेकीचा कागद उचलला आणि दुसऱ्या कचेरीत गेलो. तिथला काटा दयाळू निघाला. वाटलं होतं, दोन वर्षांचा करार संपवून येईन आणि त्याचे पाय धरीन."

"मग?"

"मग लाज वाटली. दुसऱ्या वर्षी जास्त वाटली. लाजेचं असंच आहे, जितका उशीर तितकी जड."

एनेलेसीनं मग त्याला सांगितलं. कारकून, कोठडी, वहीतली रेघ, आठ वर्षांचा मागचा बाक, न वाजलेली धाव. एकही गोष्ट तिनं सौम्य केली नाही. कोट घातलेला तो म्हातारा ऐकता ऐकता लहान होत गेला.

"मेजाबाहेर?" तो म्हणाला. "लामेकीला? माझ्यामुळे?" त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खोकला आला तरी हात काढले नाहीत. लोनियानं पाठ चोळली. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "मला तो गेल्याचं कळलं होतं. गावाकडून नवा आलेला एकजण बोलला. हे नव्हतं कळलं. मी त्याचं नाव फार जपलं, वहिनी. दारू नाही, मारामारी नाही. माझं स्वतःचं नाव असतं तर केव्हाच चिखलात लोळवलं असतं. दुसऱ्याचं होतं म्हणून..."

"चोरानं चोरीचं भांडं रोज घासलं म्हणून ते त्याचं होतं का?"

"नाही होत."

"लग्न केलंस?"

"नाही."

"का? जोनीला बायका नव्हत्या?"

तो गोंधळला. उत्तर इतकं उघड असताना ही का विचारते, असा त्याचा चेहरा. "लग्न चर्चमध्ये लागलं असतं. वहीत लामेकी बिलियाटीचं लग्न म्हणून लिहिलं असतं. त्याचं तर झालेलं होतं. तुझ्यावर सवत आणायची का मी?"

एनेलेसी हसली. तिला हसायचं नव्हतं. हसू आलं आणि त्याच्या मागोमाग डोळ्यांना पाणी आलं, आणि तिला स्वतःचाच राग आला. सदतीस वर्षं एक माणूस परक्या मुलखात तिला सवत नको म्हणून एकटा झोपला होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"वेडा आहेस," ती म्हणाली.

"असेन. तिकडच्या चर्चमध्ये भोजनाच्या आधी नावं पुकारायचे, आपल्यासारखीच. पहिली आठ-नऊ वर्षं मी भीतीनं उभा राहायचो. लामेकी गेल्याचं कळलं, त्या रविवारी ठरवून गेलो होतो की आज सगळं सांगून टाकायचं. पुकारलं, लामेकी बिलियाटी. आणि मनात आलं, मी उभा नाही राहिलो तर इथंही त्याचं नाव पुसतील. गावाकडे त्याच्या मातीवर गायले असतील, मी तर तिथं नव्हतो. म्हणून उभा राहिलो. तेव्हापासून भाकरीचा तुकडा तोंडात असेपर्यंत आधी ख्रिस्ताची आठवण काढायची, मग त्याची. सायकल आठवायची. मग गिळायचं."

कोंबडी चटईवर आली, एनेलेसीनं तिला हाकललं. मग म्हणाली, "तो दाखला बघू."

पाळकांनी तो जोसामूला परत दिला होता. तिनं अक्षरांखाली बोट ठेवून वाचला, कारण तिला तसंच वाचता येतं. छत्तीस वर्षं. एकही भोजन न चुकवलेले. कसलीही तक्रार नाही. लामेकी इथं मागच्या बाकावर बसून आपल्या हातांकडे बघायचा ते सगळे रविवार या कागदात होते. तो गेला तो महिनाही होता. इकडे मातीवर कुणी गात नव्हतं तेव्हा तिकडे कुणी तरी त्याचं नाव पुकारत होतं आणि एक माणूस त्या नावाला उभा राहत होता. पृथ्वीच्या पाठीवर एका चर्चच्या वहीत लामेकी बिलियाटीला मेजावरून कुणी कधी उठवलंच नव्हतं.

"हा माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली. थोब्वा तिनं तशीच ठेवली होती. ती आता प्यायली, पण दुसऱ्यांदा मागितली नाही.

शनिवारी पंचांच्या सभेत तिनं उभं राहून सांगितलं, "जोसामूला माझ्या घरानं माफ केलं. त्याला स्वतःच्या नावानं घ्या, दाखल्याशिवाय. आणि हा दाखला ज्याच्या नावाचा आहे त्याच्या नावापुढे, जुन्या वहीत लावा."

सितोलोनं चष्मा काढला. "पोरी, शुद्धीवर आहेस ना? मेलेल्याचा दाखला दाखल करून घ्यायचा?"

"हो."

"आई," पाळक समजुतीनं म्हणाले, "लामेकी निर्दोष होते हे आता सगळ्यांना कळलं. ती रेघ चुकीची होती असं आपण वहीत लिहू. मी स्वतः लिहितो. पण हा कागद खरा नाही. त्या मेजावर लामेकी नव्हतेच."

"खऱ्या लामेकीला खोटा ठरवताना कुणी खरा कागद मागितला नव्हता, पाळक."

"पण एका माणसानं दुसऱ्याच्या नावानं मेजावर बसायचं, हे कसं चालेल?"

"तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा. आपल्या सगळ्यांच्या जागी एकजण उभा राहिला म्हणून हे मेज मांडतो ना आपण? लहानपणापासून हेच ऐकत आलेय. का ते रविवारपुरतंच बोलायचं?"

पाळकांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांचं मला कौतुक वाटतं ते याच्यासाठी. शिकलेल्या माणसाला गप्प बसणं सोपं नसतं.

सितोलो मात्र हटेना. "जिवंतांच्या वहीत मेलेला कसा घालू?"

"आणि मेजावर आठवण कुणाची काढतो, बाबा? जो मेला आणि तरी आज आपल्यात आहे असं आपण म्हणतो, त्याचीच ना? त्याच्या शेजारी माझ्या नवऱ्याला बसायला जागा नाही?"

सितोलो काठी टेकत उठला, कपाटाशी गेला. जुनी वही काढायला त्याला बराच वेळ लागला, पान सापडायला मात्र लागला नाही. ते पान त्याला पाठ असावं. त्यानं वही एनेलेसीपुढे धरली. नावावर जाड, सरळ रेघ होती.

"ही मी मारली," तो म्हणाला. "त्या पंचांपैकी मीच उरलोय. तुझ्या घरी जाऊन विचारायचं काम माझ्याकडे होतं. त्या दिवशी पाऊस होता. वाट निसरडी. म्हटलं, काय विचारायचंय, सगळ्यांना माहीतच आहे." तो काठीवर रेलला. "पाऊस होता म्हणून, पोरी. दुसरं काही कारण नव्हतं."

एनेलेसीला वाटलं होतं की कधी तरी हे ऐकायला मिळेल आणि ऐकल्यावर तिला मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. समोर एक थकलेला म्हातारा दिसला, आणि त्याला काठी आणि वही एकाच वेळी पेलवत नव्हती, म्हणून तिनं वही धरली.

डिंक नव्हता. पाळकांच्या स्वयंपाकघरातून न्सिमाचा गोळा आला, सितोलोनं तो पाण्यात चोळून खळ केली आणि दाखला आपल्या हातानं चिकटवला. रेघ तशीच राहिली. पुसता येण्यासारखी नव्हती. दाखला तिच्या शेजारी बसला.

तिथून एनेलेसी थेट लोनियाकडे गेली आणि पुरचुंडीतली शेवटची चकती काढली. जोसामूनं दोन्ही हात पुढे केले. तिनं चकती ठेवून त्याची मूठ स्वतःच मिटली.

रविवारी चर्च भरलं होतं, बाहेर आंब्याखालीही माणसं होती. लांब मेजावर पांढरं कापड, त्यावर महिला मंडळानं भाजलेले पाव आणि मनुका उकळून काढलेला लाल रस. वाडीवाडीच्या पंचांनी आपापली नावं पुकारायची, ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहायचं, चकती द्यायची आणि मेजावर बसायचं. एनेलेसीची वाडी शेवटची.

तिनं नावं वाचायला सुरुवात केली. नासिबेको उठली, तिची बहीण उठली, लोनिया उठली.

"जोसामू सापुवा."

कुणी उठलं नाही. जोसामू कोटाची बटणं लावून, पाठ ताठ करून समोर बघत बसला होता.

"जोसामू सापुवा!"

तो तसाच. शेवटी लोनिया मेजावरून वळून ओरडली, "मामा, तुम्हालाच!" आणि सगळं चर्च हसलं. तो दचकून उठला, चकती शोधताना तीन खिसे चाचपले, दिली, आणि मान खाली घालून बसला. सदतीस वर्षांत त्या नावानं त्याला कुणी पुकारलं नव्हतं.

यादी तिथं संपत होती. एनेलेसीनं हातातली वाडीची वही मिटली नाही. तिच्या मनात एवढंच होतं की या छपराखाली ते नाव एकदा पुकारलं जावं, सगळ्यांनी ऐकावं, आणि मग वही बंद करावी. तिनं श्वास घेतला.

"लामेकी बिलियाटी."

नाव पुरतं उच्चारलं जायच्या आत जोसामू उभा होता. उभा राहिल्यावर त्याला कळलं. त्याचा चेहरा उतरला, त्यानं एनेलेसीकडे पाहिलं, हात जोडले आणि घाईघाईनं बसायला वाकला.

"बसू नका, भावजी," एनेलेसी म्हणाली. "उभे राहा. इतकी वर्षं इथं या नावाला उभं राहायला कुणी नव्हतं."

तो उभा राहिला. आपली वाडी पुरी झाली की पंचानं पाळकांना तसं सांगायचं असतं, मग पाळक भाकर मोडतात. एनेलेसीनं वही मिटली, डोळे पुसले आणि पाळकांकडे वळली.

"आमची वाडी हजर आहे," ती म्हणाली. "सगळी."